मदत हवी आहे : टो-किक सोडल्यापासून फ्री किक बारवरून जातेय

नेरुळ_नंबर१०
रविवारी मॅच आहे, घाईत लिहितोय. इतकी वर्षं सरळ धावत येऊन टो-किक, म्हणजे बुटाच्या टोकाने, मारायचो, बरी बसायची. नवे कोच म्हणाले, तिरका रन-अप घे, लेसवर, म्हणजे पावलाच्या वरच्या भागाने, मार. दोन आठवडे झाले, प्रत्येक बॉल गोलच्या वरच्या बारवरून. पाय तोच, बॉल तोच, मग बिघडलं काय? कृपया ‘प्रॅक्टिस कर’ सांगू नका.

घोडबंदर८८
प्रॅक्टिस कर. आम्ही उपवनला अनवाणी खेळायचो. बूट काढ, आपोआप जमेल.

कोपरीचा_गोली
किती लांबून मारतोस? दुसरा पाय बॉलपासून कुठे टेकतो? कुठल्या बाजूने धावतोस?

फिजिओ_ऐरोली
टो-किकमध्ये पाय लंबकासारखा एकाच रेषेत येतो. तिरकं आलं की कंबर वळते, पाय मागून मोठा फेरा घेतो. आधी मांडी पुढे सुटते, मग ती मंदावते आणि गुडघ्याखालचा भाग चाबकासारखा येतो. बॉल पायाला लागलेला असतो जेमतेम १० मिलिसेकंद, त्यात घोटा सैल पडला की जोर वाया. शिवाय टोचा भाग इवलासा, जरा चुकला की बॉल भलतीकडे. लेसचा रुंद.

वाशीकर_निवांत
अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच झालं. १९६४ मध्ये पीट गोगोलाक हा किकर बफेलो बिल्स टीमकडून तिरका धावून मारायला लागला. १९८६ ला शेवटचा सरळ मारणारा मार्क मोझली निवृत्त झाला आणि सरळवाले संपले.

घोडबंदर८८
आणि अमेरिकन फुटबॉलचाच टॉम डेम्प्सी? १९७० मध्ये ६३ यार्डांची किक सरळच मारली होती. २०१३ पर्यंत कोणाला मोडता आली नाही!

वाशीकर_निवांत
अहो, त्याच्या त्या पायाला बोटं नव्हती. पुढून सपाट असा खास बूट होता. म्हणजे मारायचा भाग मोठाच झाला की. तुम्ही आमचीच बाजू मांडताय.

कळवा_लेफ्टबॅक
नेरुळला रात्रीचा टर्फ तासाला कितीला पडतो?

कोपरीचा_गोली
माझ्या प्रश्नांचं काय झालं?

नेरुळ_नंबर१०
२० मीटर. दुसरा पाय बॉलच्या वीतभर मागे. कोच दाखवतात तसंच डावीकडून धावतो. मारतो डाव्याच पायाने, अर्थात.

कोपरीचा_गोली
अर्थात?? हे आधी सांगायचं ना! कोच उजवे असणार. डावऱ्याने उजवीकडून यायचं. डावीकडून आलास तर कंबर वळायला जागाच नाही. आणि पाय वीतभर मागे टेकणं ही टो-किकची सवय. अंग मागे झुकतं, पाऊल वर चढताना बॉलला खालून लागतं. पाय बॉलच्या शेजारी टेक.

फिजिओ_ऐरोली
+१. मांडीच्या सांध्यात दुखलं तर मात्र थांब.

घोडबंदर८८
अनवाणी मारला असता तर दोन दिवसांत कळलं असतं.

नेरुळ_नंबर१०
आज उजवीकडून मारून बघितलं. १० पैकी ६ बारच्या खाली, दोन पोस्टवर. कोचना अजून सांगितलेलं नाही, रविवारनंतर बघू.

कळवा_लेफ्टबॅक
टर्फचा रेट?