वडिलांची श्रवणचाचणी आणि श्रवणयंत्राची निवड : आधी काय तपासून घ्यावे?

यंत्रमागाची लेक (प्रश्न)

माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. इचलकरंजीत त्यांनी ३४ वर्षे धोट्याच्या मागावर काम केले. मागांच्या खडखडाटात शेजारच्या कामगाराशी ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलण्याची सवय त्यांच्या अंगी इतकी मुरली होती की, त्यांना कमी ऐकू येऊ लागले आहे हे घरात बरीच वर्षे कुणाच्या लक्षातच आले नाही. आता मात्र नातीचे बोलणे त्यांना जवळजवळ कळत नाही. माझा भाऊ बोलला की बऱ्यापैकी कळते. हळू बोलले तर ऐकू येत नाही आणि आवाज चढवला तर "ओरडतेस कशाला?" म्हणून रागावतात.

मागच्या महिन्यात एका मोफत तपासणी शिबिरात त्यांना नेले होते. मंगल कार्यालयाच्या दालनात, डोक्यावर पंखे चालू असताना, पाच मिनिटांत तपासणी उरकली. हातात कागद दिला नाही. दोन्ही कानांना यंत्र लागेल, जोडीचे १,४०,००० रुपये होतील आणि आजच नोंदणी केल्यास २०,००० कमी होतील, असे सांगण्यात आले. आम्ही नोंदणी केली नाही. शेजारचे एक गृहस्थ चार हजारांचे खिशात ठेवायचे यंत्र वापरतात, तेच आणून द्यावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. खरी तपासणी कशी असते, या दोन किमतींमधला फरक कशाचा आहे आणि काही आर्थिक साहाय्य मिळू शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

श्रवणतज्ज्ञ, कोल्हापूर

नोंदणी केली नाहीत हे उत्तम केलेत. ज्या तपासणीचा आलेख हाती मिळत नाही, ती तपासणी झालीच नाही असे समजावे.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान पाहून घ्यावेत. मळाचा बोळा किंवा पडद्याला छिद्र असेल तर पुढचे सगळे हिशेब बदलतात. त्यानंतरची श्रवणचाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, आवाजबंद खोलीतच व्हायला हवी. पंख्याच्या घरघरीत बारीक आवाज झाकले जातात आणि दोष आहे त्याहून मोठा दिसतो. या चाचणीत २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेका कानात ऐकवून, रुग्णाला जेमतेम ऐकू येणारी पातळी डेसिबलमध्ये टिपतात. आलेखात उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवतात. मग कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तीच मोजणी पुन्हा करतात. हाडावाटे चांगले आणि हवेवाटे कमी ऐकू येत असेल, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो आणि तो पुष्कळदा औषधाने अथवा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतो. दोन्ही मोजण्या बरोबरीने खाली उतरल्या असतील, तर दोष आतल्या कानाच्या पेशींचा असतो.

आपल्या वडिलांचे वर्णन वाचून दुसरी शक्यता अधिक वाटते. मागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि अशा आवाजाने झालेल्या हानीची खूण म्हणजे ४००० हर्ट्झच्या आसपास आलेखात पडणारा खड्डा. वयोमानाने येणारा बहिरेपणाही वरच्या सुरांपासूनच सुरू होतो, त्यामुळे उतारवयात दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. खालचे सूर शाबूत असल्याने स्वर ऐकू येतात. स, श, फ, ट यांसारखी व्यंजने मात्र निसटतात. म्हणूनच "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार असते आणि लहान मुलांच्या कोवळ्या आवाजाशी तर गाठच पडत नाही. मोठ्या आवाजाचा त्रास होणे हाही याच दोषाचा भाग आहे, त्यात त्यांचा हट्ट नाही. ऐकू येऊ लागण्याची पातळी वर सरकते, पण सहन होण्याची मर्यादा तिथेच राहते, आणि मधली जागा अरुंद होते.

चार हजारांच्या खिशातल्या यंत्राची अडचण नेमकी इथे आहे. साधे यंत्र ऐकू येणारे आणि न येणारे असे सगळेच सूर सरसकट वाढवते. डिजिटल यंत्रात आलेखानुसार हवे तेच सूर वाढवता येतात, मंद आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवता येतो. याउलट, दीड लाखाच्या यंत्रात जे अधिक मिळते ते मुख्यतः गर्दीतला गोंगाट हाताळण्याची क्षमता, फोनशी जोडणी आणि चार्जिंगची सोय हे असते. दिवसभर घरी किंवा कट्ट्यावर चार माणसांत बसणाऱ्या गृहस्थांना ते सगळे लागतेच असे नाही.

शब्द ओळखण्याची चाचणीही आग्रहाने करून घ्या, आणि ती मराठी शब्दांनी करायला सांगा. पुरेशा आवाजातही शंभरातले किती शब्द कळतात, यावरून यंत्राकडून किती अपेक्षा ठेवावी ते ठरते. तपासणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

जाता जाता एक इशारा : एखाद्या कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले, तर यंत्राचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता असते. एकच कान लक्षणीयरीत्या खराब असणे किंवा कान वाहणे, हीदेखील आधी डॉक्टरांनी पाहण्याची कारणे आहेत.

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

ताई, मी नऊ वर्षे दोन्ही कानांत यंत्रे वापरतो. त्याआधी एक महागडे यंत्र सहा महिने कपाटात ठेवले होते, कारण विकणाऱ्याने ते कानात घालून दिले आणि पुन्हा विचारपूस केली नाही. माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येत असे. पुढे दुसऱ्या तज्ज्ञांनी सांगितले की, खालचे सूर चांगले असताना कान पूर्ण बंद करणारा साचा मला दिला गेला होता. त्यांनी कानामागचे यंत्र, बारीक तार आणि भोके असलेली मऊ टोपी असा प्रकार बसवला आणि तो त्रास गेला. म्हणून माझे मत असे की, यंत्राच्या नावापेक्षा ते बसवणारा माणूस पाहावा, आणि तो आपल्या गावापासून बसने जाण्याच्या अंतरावर असावा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला पाच वेळा सेटिंगसाठी जावे लागले.

सुरुवातीला भांड्यांचा आवाज, पिशवीची सळसळ, स्वतःची पावले, सगळे अंगावर येते. मी पहिला आठवडा घरातच दोन-तीन तास यंत्र लावत असे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. लग्नाच्या पंगतीत पहिल्याच दिवशी यंत्र घालून जाणाऱ्या माणसाने ते परत काढून ठेवले, तर दोष त्याला देऊ नये.

सेलबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. हे सेल हवेवर चालतात; वरचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग ते बसवावेत, आणि एकदा कागद निघाला की यंत्र वापरा वा न वापरा, सेल संपत जातो. नातवंडांच्या हाताला ते लागू देऊ नयेत. गिळले गेल्यास जिवावर बेतते. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावेच लागते. आणि कानात कोमट तेल घालण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

हिशेबनीस

पैशांपुरते लिहितो. श्रवणयंत्रांवर वस्तू व सेवा कर नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर विचारणा करा. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्रे मिळतात, पण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि उत्पन्नाची अटही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बोलण्याच्या सुरांत दोन्ही कानांची हानी ६० डेसिबलपासून पुढे असेल तरच श्रवणदोष धरला जातो, त्यामुळे मध्यम दोष असलेल्यांची निराशा होण्याचा संभव आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात मिळतात, आणि त्या साधनांत श्रवणयंत्र आहे. रक्कम लहान आहे, पण सेलचा वर्षाचा खर्च निघेल. मुंबईला येणे शक्य असेल तर वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा व श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे; तिथे विक्रीचा तगादा नसतो.

यंत्रमागाची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल आवाजबंद खोलीत पाऊण तास तपासणी झाली. उजव्या कानात मळ होता, तो आधी काढला. सरासरी हानी उजवीकडे ४४ आणि डावीकडे ४९ डेसिबल आली, ४००० हर्ट्झला दोन्हीकडे ७० च्या पुढे. हाडावाटेही तेवढीच. शब्द ओळखण्यात ८० आणि ७६ टक्के. म्हणजे एडिपचा मार्ग बंद आहे. तेथील तज्ज्ञांनी मधल्या किमतीची जोडी सुचवली असून ती दहा दिवस घरी वापरायला देणार आहेत. वडील मात्र म्हणतात, "एकच घेऊ, एक कान पुरे." यावर काय करावे?

श्रवणतज्ज्ञ, कोल्हापूर

दोन्ही कान जवळजवळ सारखे असल्याने जोडी योग्य ठरेल. आवाज कोणत्या बाजूने आला हे कळायला आणि गोंगाटात शब्द वेगळा काढायला दोन कान लागतात. पण वाद घालू नका. दहा दिवसांपैकी पाच दिवस एक आणि पाच दिवस दोन यंत्रे लावून पाहायला सांगा, आणि रोज संध्याकाळी नातीचे किती बोलणे कळले ते त्यांनाच वहीत लिहू द्या. यंत्र बसवल्यावर पडद्याजवळ किती आवाज पोहोचतो ते कानात बारीक नळी घालून मोजतात. ती मोजणी तेथे होते का, हे विचारा. दहा दिवसांची परतीची अट मात्र तोंडी ठेवू नका, पावतीवर लिहून घ्या. आणि घरच्यांनी आवाज चढवण्याऐवजी समोर येऊन, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहून बोलावे. ओठ वाचण्याचा ३४ वर्षांचा सराव त्यांच्याकडे आहेच.