संथ चित्रपटाला सोसायटीतली माणसं टिकतात का?

गच्चीवाली
गणपतीत आमच्या सोसायटीत एक रात्र चित्रपटाची असते. दरवर्षी काहीतरी विनोदी लागतं. यंदा निवड माझ्याकडे आली आणि मी 'कोर्ट' सुचवून बसले. सेक्रेटरी म्हणतात, "ताई, त्यात कॅमेरा हलतच नाही. अर्ध्या तासात खुर्च्या रिकाम्या!" मला तो आवडतो, पण आजोबांपासून दहावीच्या पोरांपर्यंत सगळे असणार. कुणी असा उद्योग केलाय का?

घारूअण्णा
सणासुदीला माणूस हसायला येतो. विनोदी लावा आणि मोकळ्या व्हा. पुरस्कारवाले सिनेमे ज्याचे त्याने घरी बघावेत.

कंदील
अण्णा, 'कोर्ट'मध्ये हशा नाही असं कोण म्हणालं? बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण ऐकूनच घेत नाहीत, तिथे आमच्याकडे खसखस पिकली होती.

ताई, आमच्या फिल्म क्लबात प्रोजेक्टर मी सांभाळतो. त्यामुळे मला पडद्याइतकीच प्रेक्षकांची डोकी दिसतात. संथ आहे म्हणून सहसा कुणी उठत नाही. आपण कशाची वाट बघतोय हेच कळेनासं झालं की उठतात. इथे ते लवकर कळतं: शाहीर नारायण कांबळेंचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप. त्यानंतर आरोपीसारखे आपणही पुढच्या तारखेकडे डोळे लावून बसतो.

आणि ती सरकारी वकील! कोर्टात जिचा राग येतो, तीच पोराला पाळणाघरातून घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते, बाकीचे टीव्हीसमोर. गीतांजली कुलकर्णींनी ते असं केलंय की आमच्या मागच्या रांगेतल्या गप्पा तिथेच थांबल्या.

धोका शेवटाकडे आहे. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा. आमच्याकडे लोक चपला शोधायला लागले! "बसा, अजून आहे" म्हणायला कुणीतरी उभं करा.

खरा घात होतो तो मांडणीत. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असं सगळं बोलणं आहे, म्हणजे सबटायटल्स हवीतच, आणि ती पुढच्याच्या डोक्याआड जातात. पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर घ्या. एकच मोठा स्पीकर पुढे ठेवू नका. दोन छोटे, खुर्च्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना. ११६ मिनिटांचाच आहे, मध्यंतर देऊ नका. लय तुटली की माणूस घरी जातो.

पाऊसवेडा
कंदील +१. पण दहावीची पोरं असतील तर मी 'किल्ला' लावीन. अविनाश अरुणचा. तोही निवांतच, पण त्यात पार्थ भालेरावचा बंड्या आहे, पोरं हलणार नाहीत. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला मुलगा, बाहेर धो धो पाऊस... आजोबाही खूश.
अवांतर: भेळ कागदात देऊ नका, फार वाजतो.

गच्चीवाली
भेळ आधी, द्रोणात. मध्यंतर रद्द. 'किल्ला' मोहात पाडतोय, पण 'कोर्ट'च लावते. पडदा वर घ्यायचं म्हटल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मग बांबू लागतील, त्याचा खर्च कोण देणार?" कंदील, बांबूशिवाय काही जमतं का?

कंदील
पाण्याच्या टाकीच्या कठड्याला दोरीने बांधा. खाली विटा लटकवा, नाहीतर वाऱ्याने कांबळेंचं तोंड वाकडं होईल.