शब्दचर्चा: शीव, हद्द आणि रेषा

रॅडक्लिफ (भारत-पाकिस्तान), ड्युरंड (ब्रिटिश हिंदुस्थान-अफगाणिस्तान), मॅकमहोन (भारत-तिबेट) या नावांपुढे आपण कायम 'रेषा' लावतो. मी मात्र एका लेखात 'रॅडक्लिफ सीमा' लिहिलंय. शीव, सीमा, हद्द हाताशी असताना हाच शब्द का? नुसतं 'लाइन'चं भाषांतर?

▪ भाषांतर आहेच, पण चपखल बसलंय. शीव 'सीमा'वरूनच आली, पण ती गावात रुजली. ओढा, माळ, शेंदूर फासलेला दगड: शीव ही जागा असते, तिथे उभं राहता येतं. शिवार, शिवेबाहेर, शिवेवरचा देव. मुंबईचं शीवही तसंच. मुंबई बेट तिथे संपायचं, पलीकडे साष्टी.
रेषा आधी कागदावर जन्मते, जमिनीला मागाहून कळतं. फाळणीची रेषा ठरवणारे ब्रिटिश वकील रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ला भारतात आले, त्यापूर्वी कधीच नाही. नकाशे आणि जनगणनेचे तक्ते घेऊन पाचेक आठवड्यांत पंजाब-बंगाल चिरले. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले तरी कित्येकांना आपला देश कुठला हे ठाऊक नव्हतं. याला शीव म्हणवत नाही.

▪ हद्द अरबी. फारसी 'सर' जोडून सरहद्द.

▪ आणखी एक जोडी वर्तमानपत्रं सर्रास एक करतात. सीमानिश्चिती होते करारात आणि नकाशावर. सीमांकन म्हणजे प्रत्यक्ष खांब रोवणं. ड्युरंड करार १८९३चा, खांब १८९४ ते ९६मध्ये लागले, आणि बलुचिस्तानकडचं ते काम ब्रिटिश अधिकारी मॅकमहोननेच पाहिलं. त्याच्या स्वतःच्या १९१४च्या रेषेला मात्र दोन्ही बाजूंनी मिळून रोवलेले खांब लाभलेच नाहीत. नकाशा इंचाला ८ मैल. त्यावर सोळांश इंच जाडीची रेघ ओढली तर जमिनीवर अर्धा मैल शाईखाली जातो! शिवाय रेघ दिसते तिथे हद्द मानायची की पाणी दोन बाजूंना विभागतं त्या डोंगरकण्यावर? भारत-चीन सीमेवरच्या थागला खिंडीपाशी १९६२मध्ये हाच वाद पेटला.

▪ पटलं. लेखातलं 'रॅडक्लिफ सीमा' खोडतो. 'सीमारेषा' द्विरुक्ती वाटते का?

▪ वाटते थोडी. पण क्रिकेटवाले सोडणार नाहीत.