१० सेकंद पुढे दाबलं की व्हिडिओ मागेच येतो, एनकोड केलेल्या फाइल्समध्ये सीकिंगचा (पुढेमागे उडी मारण्याचा) घोळ

निळीशाई
नमस्कार मंडळी, मी माझी लेक्चर्स रेकॉर्ड करून मुलांना देते, स्क्रीनवर स्लाइड्स आणि मागे माझा आवाज, बाकी काही नाही. फाइल्स फार मोठ्या व्हायच्या म्हणून एफएफएमपेग या टूलने, एक्स२६४ एनकोडर वापरून एनकोड करायला लागले, सीआरएफ (क्वालिटीचा आकडा) २३, आणि स्लाइड काही हलत नाही म्हणून फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ३० वरून ५ वर आणला. साइज मस्त कमी झाली, अक्षरं पण स्वच्छ दिसतात. पण आता मुलांची तक्रार येतेय की मोबाइलवर १० सेकंद पुढे दाबलं की व्हिडिओ मागेच येतो, परत दाबलं तरी पुन्हा तिथेच. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघितलं, तेच. एक गोष्ट लक्षात आलीये, स्लाइड जिथे बदलते त्या जागी गेलं तर बरोबर बसतं, मी एकाच स्लाइडवर बराच वेळ बोलत असते तिथेच हे होतं. सुरुवातीपासून सरळ चालू दिलं तर शेवटपर्यंत नीट चालते. फाइल करप्ट आहे का? आणि वेबसाइटवर टाकलेली एमपी४ ब्राउजरमध्ये लगेच सुरू होत नाही, गोल फिरत राहतं, तो याचाच भाग आहे का वेगळं काही?

रात्रपाळी
प्लेअर बदलून बघा आधी. व्हीएलसी असेल तर सेटिंगमध्ये फास्ट सीक चालू आहे का बघा, असेल तर बंद करा. एमपीव्ही प्लेअरमध्ये शिफ्ट दाबून अ‍ॅरो मारला की अगदी नेमक्या जागी जातं. नाहीतर एमकेव्ही मध्ये रीमक्स करून टाका (परत एनकोड न करता नुसता फाइलचा प्रकार बदलायचा), इंडेक्स, म्हणजे फाइलमध्ये कुठे काय आहे त्याची यादी, नवीन बनतो, माझ्या बऱ्याच फाइल्स तशा सुधारल्यात.

जुनाएनकोडर
रीमक्सने इंडेक्स नवीन बनतो हे खरं, आणि इंडेक्सच तुटलेला असेल तर फरक पडतो, पण इथे ते कारण नाही. ताई, फाइल करप्ट नाहीये. स्लाइड बदलते तिथे बरोबर बसतं हे तुम्ही लिहिलंत त्यातच सगळं आलं.

असं आहे, व्हिडिओत पूर्ण चित्र फक्त कीफ्रेममध्ये असतं, मधल्या फ्रेम्समध्ये नुसता बदल साठवलेला असतो, त्यामुळे मधूनच सुरू करायचं तर प्लेअरला मागच्या कीफ्रेमवर जावंच लागतं. तिथून मधल्या फ्रेम्स गुपचूप डीकोड करून मागितलेल्या जागी पोचायचं की कीफ्रेमवरूनच दाखवायला सुरू करायचं हे प्लेअर ठरवतो, आणि मोबाइल टीव्हीवाले बरेचदा दुसरा रस्ता घेतात. आता एक्स२६४ चं डिफॉल्ट आहे दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेम्स. हे फ्रेम्समध्ये मोजलं जातं, सेकंदात नाही! ३० च्या फ्रेमरेटला २५० म्हणजे ८ सेकंद आणि थोडं वर, एवढं कुणाला जाणवत नाही. ५ च्या फ्रेमरेटला तेच २५० म्हणजे ५० सेकंद. एरवी सीन बदलला की एनकोडर स्वतःहून कीफ्रेम टाकतो म्हणून नवीन स्लाइडवर तुमचं बरोबर बसतं, पण एकाच स्लाइडवर तुम्ही बोलत असाल तर त्याला कीफ्रेम टाकायचं काही कारणच मिळत नाही, तो पूर्ण ५० सेकंद ताणतो. मग मूल ३० व्या सेकंदाला असताना १० पुढे दाबतं, प्लेअर ४० च्या मागची कीफ्रेम शोधतो, ती ० वर, झालं, मागे आला.

खात्री करायची असेल तर एफएफप्रोबला (एफएफएमपेगसोबत येणारं फाइल तपासायचं टूल) व्हिडिओ स्ट्रीमच्या पॅकेट्सची वेळ आणि फ्लॅग्ज छापायला सांगा, ज्या ओळीत के आहे ती कीफ्रेम. दोन के मधलं अंतर बघा.

उपाय म्हणजे एनकोड करताना जी हा ऑप्शन (दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त किती फ्रेम्स) २५ द्या, ५ फ्रेमरेटला ५ सेकंद होतात. फ्रेम मोजत बसायचं नसेल तर फोर्स कीफ्रेम्सचा ऑप्शन आहे, त्याला थेट सेकंदात सांगता येतं. पण दर सेकंदाला कीफ्रेम टाकू नका, स्लाइडच्या व्हिडिओत मधल्या फ्रेम्स जवळपास फुकट असतात, खरी साइज कीफ्रेमचीच, त्यामुळे साइज कमी करायला जे केलंत ते सगळं परत जाईल. ५ ते १० सेकंद पुरे. आणि हे रीमक्सने होणार नाही, कीफ्रेम एनकोड करतानाच पडते.

ब्राउजरचं वेगळं आहे. एमपी४ चा इंडेक्स ज्यात असतो तो मूव अ‍ॅटम एफएफएमपेग डिफॉल्टने फाइलच्या शेवटी लिहितो, आणि तो हातात आल्याशिवाय ब्राउजर काही दाखवू शकत नाही. सर्व्हर रेंज रिक्वेस्ट, म्हणजे फाइलचा हवा तो तुकडा मागायची सोय, देत असेल तर ब्राउजर शेवटचा तुकडा आधी मागून घेतो, देत नसेल तर आख्खी फाइल उतरेपर्यंत गोल फिरतं. एफएफएमपेगच्या मूवफ्लॅग्ज या ऑप्शनला फास्टस्टार्ट दिलं की तो अ‍ॅटम पुढे येतो.

निळीशाई
वा, एफएफप्रोबने बघितलं, खरंच ५० सेकंदांचं अंतर आहे! खूप आभार. मग आता या लहान केलेल्या फाइल्सच परत एनकोड करू का? आणि फास्टस्टार्टसाठी पण परत एनकोड लागेल का? अजून एक, एका लेक्चरच्या मध्येच लॅपटॉप बंद पडला, ते रेकॉर्डिंग उघडतच नाही, मूव अ‍ॅटम नॉट फाउंड असं येतं.

जुनाएनकोडर
मूळ रेकॉर्डिंग्ज असतील तर त्यांच्यावरूनच करा, एनकोड केलेलं परत एनकोड केलं की अक्षरांच्या कडा अजून खराब होतात. मूळ नसेल तर आहे ती फाइल तशीच ठेवा, कंप्युटरवर नेमकं सीक करणाऱ्या प्लेअरमध्ये ती छान चालेल, रात्रपाळींनी सांगितलेली शिफ्ट अ‍ॅरोची युक्ती तिथे कामाची आहे. फास्टस्टार्टला परत एनकोड लागत नाही, कोडेक कॉपी ठेवून नुसती फाइल नव्याने लिहायची, डिस्कच्या वेगात होतं.

टेकडीवरचा
बंद पडलेल्या रेकॉर्डिंगचं मी सांगतो. साधी एमपी४ असेल तर मूव शेवटी लिहिला जातो, मध्येच बंद पडलं म्हणजे तो लिहिलाच गेला नाही. चित्र आणि आवाजाचा डेटा फाइलमध्ये असतो, फक्त कुठे काय आहे ते कळत नाही. अनट्रंक नावाचं टूल आहे, त्याला त्याच सॉफ्टवेअरने त्याच सेटिंगवर केलेली एक चांगली फाइल सोबत द्यायची, तिच्यावरून ते अंदाज बांधतं. बरेचदा निघतं, कधी आवाज मागेपुढे होतो. तुटक्या फाइलची कॉपी काढून मगच हात लावा. आणि इथून पुढे रेकॉर्डिंग एमकेव्ही मध्येच करा, मध्येच बंद पडलं तरी तोपर्यंतचं चालतं, फार तर सीकचा इंडेक्स नसतो, आणि त्याला मात्र रीमक्स पुरतं.

रात्रपाळी
जुनाएनकोडर, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार, फ्रेम आणि सेकंदाचं मला माहीत नव्हतं. एक्स२६४ नंतरच्या एक्स२६५ एनकोडरला पण २५० च आहे का?

जुनाएनकोडर
हो, २५० च. शिवाय तिथे ओपन जीओपी (कीफ्रेमजवळच्या काही फ्रेम्स कीफ्रेमच्या आधीच्या फ्रेम्सवरही अवलंबून असतात तो प्रकार) डिफॉल्टने चालू असतो, काही जुन्या टीव्हींवर सीक केल्यावर क्षणभर चित्र फाटल्यासारखं दिसतं ते त्यामुळे असू शकतं, तसं होत असेल तर तो बंद करून एनकोड करा.