मदत हवी आहे: जन्मवेळ एकच, पण दोन सॉफ्टवेअरमध्ये शनीची महादशा वेगवेगळ्या तारखांना

जाणकारांनो, जरा मदत करा. (ज्योतिष खरं की थोतांड, हा वाद इथे नको. प्रश्न फक्त गणिताचा आहे.)

वर्षभर हौसेने पत्रिका शिकतोय. संगणकावर एक सॉफ्टवेअर आहे, फोनवर दुसरंच ॲप. दोन्हींत स्वतःची माहिती घातली आणि जन्मवेळ, अक्षांश-रेखांश, टाइमझोन तीनतीनदा तपासले. लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) तेच येतं. चंद्र कन्येत, चित्रा दुसरं चरण. चित्राचा स्वामी मंगळ, म्हणजे जन्म मंगळाच्या दशेत (दशा म्हणजे आयुष्यातला एकेका ग्रहाचा काळ), मग राहू, गुरू आणि वयाच्या 38व्या वर्षी शनी. पण शनी संगणकावर 20 ऑगस्ट 2027 ला लागतो आणि फोनवर 13 जानेवारी 2027 ला. तब्बल 219 दिवसांचा फरक! साडेसाती भोगून झालेल्या माणसाला सात महिने आधीच शनी दाखवू नये हो.

थोडं खोदल्यावर दिसलं की संगणकावर चित्रापक्ष पद्धतीचा अयनांश (राशिचक्राचा आरंभ जितका सरकवायचा तो कोन) आहे, 23 अंश 43 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि फोनवर कृष्णमूर्ती पद्धतीचा, 23 अंश 37 कला. फोनवरही चित्रापक्ष केला, तर शनी 1 फेब्रुवारीला गेला. 19 दिवस सुटले, 200 उरलेच.

शिवाय सॉफ्टवेअर सत्तर पानी पत्रिका काढतं आणि मी त्यातली तीन पानं बघतो. बाकीच्यातलं काय खरंच कामाचं आहे?

प्रतिसाद 1
चंद्र भूकेंद्री आहे की स्थलकेंद्री ते बघा. पृथ्वीच्या केंद्राऐवजी जन्मस्थानावरून मोजला तर चंद्र जवळजवळ एक अंश सरकू शकतो. सेटिंगमध्ये तेवढी एक खूण चुकून पडली की दशा कुठल्या कुठे जाते. राहूही बघून घ्या, एकीकडे मध्यम (सरासरी गतीने काढलेला) आणि दुसरीकडे स्पष्ट (प्रत्यक्ष) असेल तर सव्वा-दीड अंशाचा फरक सहज पडतो. त्याने तुमची दशा हलणार नाही, पण राहू राशीच्या टोकाला असला तर घर बदलेल.

धागाकर्ता
बघितलं. दोन्हीकडे भूकेंद्रीच आहे. अयनांश सारखा केल्यापासून चंद्राचे अंश-कलाही जुळतात. राहू मात्र वेगळा निघाला, तो सारखा केला. 200 दिवस जागचे हलले नाहीत.

प्रतिसाद 2
चंद्र जुळतोय ना? मग ग्रहगणिताच्या मागे लागू नका. 200 ला 38 ने भागा. सव्वापाच! फोनवालं ॲप दशेचं वर्ष 360 दिवसांचं धरतंय, संगणक 365.25 चं. दर वर्षाला सव्वापाच दिवस मागे, वय वाढेल तसा फरकही वाढणार. दशेच्या सेटिंगमध्ये वर्षमान शोधा, तिथे सावन (360 दिवसांचं) आणि सौर (365.25 चं) असे पर्याय असतात. दोन्ही धरणारे लोक आहेत, मी सौर वापरतो. काहीही धरा, पण मधेच बदलू नका.

तुमचे 19 दिवसही बरोबर आहेत. नक्षत्र 800 कलांचं आणि मंगळाच्या दशेची वर्षं 7, म्हणजे एका कलेला साधारण 3.2 दिवस. शुक्राच्या नक्षत्रात (त्याची दशा बरीच लांब) जन्मला असतात तर त्याच 6 कलांनी 55 दिवस खाल्ले असते.

सत्तर पानांचं म्हणाल तर आधी जन्मवेळ किती पक्की ते सांगा. नवमांश (राशीचे नऊ भाग) लग्न साधारण 13 मिनिटांत बदलतं, षष्ट्यंशाचं (साठ भाग) दोनच मिनिटांत. वेळ साडेदहा, पावणेअकरा अशी गोल असेल तर षष्ट्यंशाचं पान छापूच नका, शाई वाया. त्यापेक्षा वेळ पाच-पाच मिनिटं मागेपुढे करून त्याच पत्रिकेच्या प्रती सेव्ह करा आणि शेजारी शेजारी उघडा. जे सगळ्यांत सारखं राहील तेवढ्यावरच बोला. सॉफ्टवेअरचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

धागाकर्ता
सापडलं! वर्षमान 'सावन' होतं, 'सौर' केलं आणि आला शनी 20 ऑगस्टला. मनापासून आभार.

जन्मवेळ कागदावर 10:30 आहे. आत्ता आईला फोन केला. म्हणाली, दवाखान्यातलं घड्याळ पुढे होतं, किती ते तेव्हा कोण बघतंय. पाच प्रती काढायला बसलोय.