मदत हवी आहे: मॉडेल गाडीच्या बॅटऱ्या चार्ज करताना खऱ्या गाडीची बॅटरी उतरते

मी १/१० मापाची इलेक्ट्रिक टूरिंग मॉडेल गाडी शर्यतीत चालवतो आणि सगळे सामान पेट्रोल हॅचबॅकमधून नेतो. ट्रॅकवर विजेची सोय नसल्याने चार्जर गाडीच्या बॅटरीलाच जोडावा लागतो. ७.४ व्होल्ट, ५००० एमएएचचा (५ अँपिअर-तास) एक लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक म्हणजे ३७ वॉट-तास; दिवसाला आठ पॅक धरले, तर चार्जरमधील घट मिळून साधारण ३५० वॉट-तास लागतात. माझ्या हॅचबॅकची ४५ एएचची (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरी कागदावर ५४० वॉट-तासांची असली, तरी ती इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असल्याने इतकी उपसणे तिला मानवत नाही. गेल्या वेळी सहाव्या पॅकला चार्जरच्या पडद्यावर गाडीच्या बॅटरीचे ११.२ व्होल्ट दिसले, तो ओरडू लागला आणि संध्याकाळी स्टार्टरने नुसती टकटक केली.

दर तासाला इंजिन चालवून पाहिले, पण शेजारच्यांना धुराचा त्रास होतो, आणि त्यांचे म्हणणे रास्तच आहे. बारा व्होल्टच्या सॉकेटवर दोन चार्जर एकदम लावले, तेव्हा १० अँपिअरचा फ्यूज उडाला. जनरेटरला परवानगी नाही, गाडी बदलायची नाही, आणि इतर दिवशी घरचेही ती वापरत असल्याने कायमची जोडणी नको.

म्हणून डिकीत १२.८ व्होल्ट, ५० एएचची वेगळी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी ठेवण्याचा विचार आहे. ती घरीच भरून नेणे पुरेसे होईल, की प्रवासात अल्टरनेटरवरून (इंजिनवर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रावरून) भरण्यासाठी डीसी-डीसी चार्जर बसवावाच लागेल, आणि तसे असल्यास तो किती अँपिअरचा घ्यावा?