पहिली टाकी २० लिटरची नको

पहिलीच वेळ आहे म्हणून २० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची टाकी) घ्यावी, असं तुमचं चाललंय. खाऱ्या पाण्याचं गणित उलटं असतं. टाकी जितकी लहान, तितका त्रास जास्त. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मे महिन्यात ठाण्यात टाकीवर पंखा लावला की खारटपणा दिवसभरात वर सरकलेला दिसतो. निदान ६०-७० लिटर तरी घ्या. रोजची घट मीठ न घातलेल्या आरओच्या पाण्यानेच भरा. घनता १.०२५ च्या आसपास ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरनेच (पाण्याच्या थेंबावरून खारटपणा दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजा.

चौपाटीवरून समुद्राच्या पाण्याचा कॅन भरून आणायचा मोह टाळा. (मी आणलाय. घरात आठवडाभर वास होता!)

दगड घालून महिना-दीड महिना टाकी माशांविना चालवा, म्हणजे माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जीवाणू दगडावर वाढून दोन्ही शून्यावर येईपर्यंत. मग क्लाउनफिशची एक जोडी.

कुणी समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जीवाणू आणि सूक्ष्मजीव वाढलेला प्रवाळी दगड) स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. दगड घडवणारी प्रवाळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडा दगड घ्या, त्यावर वाढवायचे जीवाणू बाटलीत मिळतात. आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअरपंप आधी, महागडा दिवा नंतर.